जुन्या एफ-१५० चे फोर-व्हील ड्राइव्ह लागत नाही? नवी मोटर मागवण्याआधी या चुका टाळा

फोर्डचा १९९७ ते २००३ या मॉडेल-वर्षांतला एफ-१५० पिकअप अमेरिकेत आणि कॅनडात आजही वापरात दिसतो. अंगणातला बर्फ सारायला, ट्रेलर ओढायला किंवा जळाऊ लाकूड आणायला म्हणून तो स्वस्तात घेतला जातो आणि पहिल्या मोठ्या हिमवृष्टीच्या सकाळी डॅशबोर्डवरचा नॉब ‘४×४ हाय’वर नेला, तरी पुढची चाके ढिम्म राहतात. मिशिगन-मिनेसोटाकडे राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी असे ट्रक घेतले आहेत, त्यांच्यापैकी अनेकांनी गावाकडे दांड्याने फोर-व्हील लावायची जीप पाहिलेली असते. त्या दांड्याच्या जागी या ट्रकमध्ये एक लांबलचक साखळी काम करते आणि बहुतेक चुका ती साखळी नीट न समजल्यामुळेच होतात.

नॉब फिरवल्यावर प्रत्यक्षात काय होते, ते आधी पाहू. नॉब स्वतः काहीच हलवत नाही. तो डॅशबोर्डच्या आतल्या जीईएम नावाच्या मॉड्यूलला केवळ मागणी कळवतो. मॉड्यूल गाडीचा वेग, ब्रेक आणि गिअरची स्थिती तपासते, रिलेमार्फत ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या बाजूला बसवलेल्या शिफ्ट मोटरला वीज देते आणि त्या मोटरमधल्या संपर्क-पट्टीवरून मोटर कुठपर्यंत फिरली हे वाचत राहते. ट्रान्सफर केसच्या आत विद्युतचुंबकी क्लच पुढच्या प्रोपेलर शाफ्टला मागच्या शाफ्टच्या वेगाला आणतो आणि मग लॉकिंग कॉलर सरकून दोन्ही शाफ्ट जोडले जातात. एवढे होऊनही पुढची चाके अजून ओढू लागलेली नसतात, कारण पुढच्या एक्सलच्या उजव्या नळीत एक वेगळा जोड असतो आणि तो विजेने नव्हे, तर इंजिनाच्या व्हॅक्यूमने, म्हणजे हवा खेचण्याच्या ओढीने, सरकतो. म्हणजे एका नॉबमागे दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत, एक विजेची आणि दुसरी हवेची. (ज्या एफ-१५० मध्ये नॉबऐवजी जमिनीवर दांडा आहे, त्यांच्या मालकांनीही हा लेख सोडून देऊ नये, त्यांच्या पुढच्या एक्सलचा जोडही व्हॅक्यूमवरच चालतो.)

सर्वांत महागडी आणि सर्वांत नेहमीची चूक म्हणजे काहीही न तपासता शिफ्ट मोटर मागवणे. मोटर हा नजरेला दिसणारा, नाव घेता येणारा आणि दुकानात सहज मिळणारा भाग आहे, एवढेच तिचे पाप. ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. नवी मोटर बसवून झाल्यावर कळले की जुनी निर्दोष होती आणि बॅटरीजवळचा रबरी कोपरा-पाइप चिरलेला होता. तो पाइप आणि मोटर यांच्या किमतींची तुलना मी अजूनही टाळतो.

आधी कान लावा, मग पाना उचला

निदानाची सुरुवात कानांनी करावी. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’वर न्यावी आणि दुसऱ्या कोणालातरी नॉब फिरवायला सांगून आपण ट्रान्सफर केसच्या बाजूला कान द्यावा. मोटरची घरघर आणि शेवटी ‘ठक’ असा आवाज आला आणि डॅशबोर्डवरचा दिवाही लागला, तर विजेची बाजू जवळपास निर्दोष समजावी आणि शोध व्हॅक्यूमकडे वळवावा. नुसती रिलेची टकटक आली आणि मोटर फिरली नाही, तर मोटर, तिचा प्लग किंवा आतली संपर्क-पट्टी यांच्यावर संशय घ्यावा. कोणताच आवाज नाही आणि दिवाही नाही, तर फ्यूज, नॉब, रिले आणि शेवटी मॉड्यूल, या क्रमाने जावे. या ट्रकच्या फ्यूजचे नकाशे वर्षागणिक बदललेले आहेत, म्हणून स्वतःच्या मॉडेल-वर्षाचेच पुस्तक वापरावे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘४×४’चा दिवा ट्रान्सफर केसबद्दल बोलतो, पुढच्या एक्सलबद्दल नाही. दिवा लागला म्हणजे चारही चाके जोडली गेली, असे मानून चिखलात किंवा बर्फात उतरणारा माणूस तिथेच अडकतो आणि मग दोष ट्रान्सफर केसला देतो.

व्हॅक्यूमकडे दुर्लक्ष

पुढचा एक्सल जोडला जातो की नाही, हे पाहण्याची खात्रीची रीत पुढीलप्रमाणे आहे. गाडी ‘४×४ हाय’मध्ये घालून इंजिन थोडा वेळ चालू ठेवावे, मग गिअर पार्कमध्ये आणि पार्किंग ब्रेक लावलेला ठेवून इंजिन बंद करावे. मागच्या चाकांचे ठोकळे जागेवर आहेत याची खात्री करून पुढची दोन्ही चाके जॅकने उचलावीत आणि गाडी लगेच स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली किंवा चाकापाशी हात घालू नये. आता एक पुढचे चाक हाताने फिरवावे. जोड लागलेला असेल, तर दुसरे चाक उलट दिशेने फिरते, कारण पुढचा प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसने धरून ठेवलेला असतो. दुसरे चाक हललेच नाही, तर शाफ्ट जोडला गेला असूनही एक्सल सुटलेला आहे. अंगणात जॅक लावणे शक्य नसेल, तर गवतावर किंवा खडीवर स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश गोल फिरावे. चारही चाके जोडलेली असतील, तर गाडी अडखळत, जड होऊन वळते.

एक्सल लागत नसेल, तर व्हॅक्यूमचा मागोवा इंजिनापासून सुरू करावा. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन मंद गतीवर साधारण १७ ते २१ इंच पारा इतका व्हॅक्यूम देते. दर हजार फूट उंचीला तो सुमारे एक इंच घटतो, म्हणून ५,२८० फुटांवरच्या डेन्व्हरमध्ये मीटरवर १३-१४ दिसले, तर घाबरून इंजिन उघडायला घेऊ नये. इंजिनावर आकडा चांगला आणि एक्सलपाशी काहीच नाही, तर गळती मधल्या नळ्यांत, साठवण-डब्यात किंवा सोलेनॉइडमध्ये (व्हॅक्यूमची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेत) आहे. बॅटरीच्या परिसरातले रबरी कोपरे इंजिनाच्या उष्णतेने आणि ॲसिडच्या वाफेने कडक होऊन चिरतात. त्यांना बोटाने वाकवून पाहावे, नुसते डोळ्यांनी पाहून चालत नाही.

एक फुकटचा पुरावा बहुतेक जण वाया घालवतात. या ट्रकमधले हीटर-एसीचे हवेचे पडदेही व्हॅक्यूमवरच फिरतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर समोरच्या जाळ्यांतून येणारी हवा आपोआप काचेकडे वळत असेल आणि त्याच ट्रकचे फोर-व्हीलही लागत नसेल, तर त्या दोन वेगळ्या तक्रारी न मानता एकाच गळतीचा शोध घ्यावा.

एक्सलवरचा व्हॅक्यूम ॲक्च्युएटर, म्हणजे जोड सरकवणारा डबा, तपासायला हातपंप लागतो. प्रत्येक तोंडाला पंप जोडून सुमारे १५ इंच व्हॅक्यूम ओढावा आणि थांबावे. काटा घसरत असेल, तर आतला पडदा फाटला आहे. फाटक्या पडद्यातून पाणी आत ओढले जाऊन नळीने वर सोलेनॉइडपर्यंत जाऊ शकते. म्हणून बिघडलेला सोलेनॉइड बदलण्याआधी नळीत पाणी आहे का ते पाहावे, नाहीतर नवा सोलेनॉइडही त्याच वाटेने जातो.

‘लो’साठी अटी न पाळणे

‘४×४ हाय’ लागते पण ‘लो’ (कमी वेगाची, जास्त जोराची स्थिती) लागत नाही, अशा तक्रारीत अनेकदा गाडीत बिघाडच नसतो. ‘लो’मध्ये जाताना आणि बाहेर येताना गाडी पूर्ण थांबलेली, पाय ब्रेकवर आणि ऑटोमॅटिक गिअर न्यूट्रलमध्ये असावा लागतो. पार्क म्हणजे न्यूट्रल नव्हे. नॉब फिरवल्यावर काही सेकंद वाट पाहावी. घाईने मागेपुढे फिरवत राहिल्यास मॉड्यूलला आपली मागणी कोणती तेच उमगत नाही. एवढे करूनही ‘लो’ येत नसेल, तर कोणालातरी गाडीमागे उभे करून ब्रेकचे दिवे लागतात का ते विचारावे. ब्रेक पेडलवरचा स्विच मेला असेल, तर मॉड्यूलच्या दृष्टीने तुमचा पाय ब्रेकवर नाहीच. ब्रेकचे दिवे ठीक असतील, तर गिअरची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरकडे वळावे.

कोरड्या रस्त्यावर चारही चाके

ही अर्धवेळ फोर-व्हील यंत्रणा आहे. पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये फरक सामावून घेणारा डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापू पाहतात, ते शक्य होत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. नंतर नॉब ‘२’वर (फक्त मागच्या दोन चाकांवर) आणला तरी कॉलर त्या ताणाखाली अडकून बसतो आणि मालक म्हणतो, ‘मोटर गेली.’ अशा वेळी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावे. पीळ सुटला की कॉलरही सुटतो. मागची चाके गरगर घसरत असताना नॉब ‘हाय’वर नेणे ही याच्याच उलटची चूक आहे. आधी ॲक्सिलरेटर सोडावा.

पीळ वारंवार साठत असेल, तर टायर मोजावेत. पुढे नवे आणि मागे झिजलेले, किंवा दोन वेगवेगळ्या मापांचे टायर असतील, तर सरळ रस्त्यावरही यंत्रणा स्वतःशी झगडते. सेकंडहँड ट्रकमध्ये आणखी एक शक्यता असते: आधीच्या मालकाने भंगार यार्डातून मागचा एक्सल आणून बसवलेला असतो आणि तो ३.७३ गुणोत्तराचा, पुढचा मात्र मूळ ३.५५ चा असतो. दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर कारखान्याने बसवलेल्या एक्सलचा संकेत असतो. तो प्रत्यक्ष एक्सलशी पडताळून पाहावा.

पाणी शिरलेल्या मॉड्यूलवर उपचार, गळतीवर नाही

वायपर मनाने चालू होणे, चावी काढल्यावरही घंटी वाजत राहणे, आतला दिवा न विझणे आणि याच काळात फोर-व्हीलचा दिवा लुकलुकणे, ही सारी लक्षणे एकत्र दिसली तर जीईएमकडे पाहावे, कारण ही सगळी कामे तेच मॉड्यूल सांभाळते. या पिढीच्या ट्रकमध्ये पुढच्या काचेच्या कडेतून झिरपलेले पाणी तिथपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे मालकांना चांगलीच परिचित आहेत. यार्डातून दुसरे मॉड्यूल आणायचेच असेल, तर त्यावरचा भाग क्रमांक जुन्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. पण त्याआधी काचेवर बागेच्या पाइपने पाणी सोडून गळती शोधावी आणि काचेचे सील दुरुस्त करावे. फोर-व्हील चालत्या गाडीत आपोआप लागत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ट्रक ‘२’मध्ये आहे याची खात्री करून शिफ्ट मोटरचा प्लग काढून ठेवावा. प्लग काढलेली मोटर आहे त्या स्थितीतच राहते.

मोटर खरोखरच दोषी असेल तर

सगळे तपासून झाल्यावर मोटर काढायची वेळ आली, तर आधी तिचा प्लग उघडून पाहावा. बर्फाळ प्रदेशात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्यातल्या पिना हिरव्या पडतात. त्या साफ करून, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून पुन्हा एकदा नॉब फिरवावा. मोटर काढल्यावर तिला थेट १२ व्होल्ट देऊन आणि तारा उलटवून दोन्ही दिशांना फिरते का ते बघता येते. ती फिरत असेल पण गाडीत चुकीच्या जागी थांबत असेल, तर आतल्या संपर्क-पट्टीवरचा मळ हे कारण असू शकते.

मोटरमागून बाहेर येणारा ट्रान्सफर केसचा दांडा त्रिकोणी असतो. मोटर काढलेली असतानाच तो पान्याने हलकेच फिरवून पाहावा: तो फिरलाच नाही, तर दोष मोटरमागे, केसच्या आत आहे आणि नवी मोटरही तिथे हरेल. तेल काढायचे असल्यास आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल करावा. तो गंजून बसलेला असेल आणि खालून तेल सोडून दिलेले असेल, तर ट्रक तिथेच अडकतो. या बोर्ग-वॉर्नर ४४-०६ ट्रान्सफर केसला गिअर ऑइल नव्हे, मर्कॉन प्रकारचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागते, सुमारे १.९ लिटर. जीपच्या सवयीने घट्ट गिअर ऑइल ओतण्याचा मोह आवरावा. मोटर पुन्हा बसवताना तिचे त्रिकोणी भोक दांड्याशी बोटांच्या जोरावर जुळले पाहिजे. बोल्ट आवळून तिला ओढून बसवायला गेल्यास हाउजिंग तडकते. जुळत नसेल, तर दांडा किंचित फिरवावा, मोटर नाही.