कौलांवर पाऊस असताना सिम्फनी कशी ऐकावी

सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली, सहसा चार भागांची लांब रचना. ऑर्केस्ट्रा म्हणजे इथे सिनेगीतांचा नव्हे. ऐंशी-नव्वद वादकांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद. त्याच्या थेट प्रक्षेपणांचा सर्वांत मोठा हंगाम नेमका कोकणातल्या पावसात येतो. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला प्रॉम्स महोत्सव जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतो आणि त्यातली प्रत्येक मैफल बीबीसी रेडिओ ३ वरून थेट ऐकवली जाते. मोठा आवाज पावसातही पोचतो. हरवतो तो हलका, आणि सिम्फनीचा अर्धा जीव त्यातच असतो. म्हणून सगळी तयारी तो हलका आवाज वाचवण्यासाठी करायची.

आधी घड्याळ. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. संध्याकाळी साडेसातची मैफल म्हणजे आपली मध्यरात्र. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यात वेळ पुन्हा मोजा, नाहीतर पहिला तास हुकतो. जागरण जमत नसेल तर व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची १ जानेवारीची मैफल घ्या. ती आपल्याकडे दुपारी पावणेचारला सुरू होते, रचना छोट्या असतात आणि बाहेर पाऊसही नसतो. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

बसायला पडवी नको. पागोळ्या, बेडूक, रातकिडे सगळे तिथेच. माजघरात बसा, वर माळा असेल तर कौलांचा आवाज बराच अडतो. पत्र्याच्या छपराखाली स्पीकरचा नाद सोडा आणि कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन वायरने जोडा.

इंटरनेटवरून येणाऱ्या ३२० केबीपीएसच्या (हा आवाजाचा दर्जा) प्रवाहाला तासाला सुमारे १४४ एमबी डेटा लागतो. रेंज डळमळीत असेल तर १२८ निवडा, साधारण ५८ एमबीत भागतं. मध्येच तुटणाऱ्या उत्तम आवाजापेक्षा सलग येणारा मध्यम आवाज केव्हाही बरा. वीज जाणारच असं धरून राउटरला मिनी यूपीएस लावा, पण आधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट जुळतात का ते पाहा. साध्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर बऱ्याचदा घूं घूं करतो. अशा वेळी बॅटरीवरचा फोन आणि हेडफोन पुरे.

खाऱ्या दमट हवेने पिना गंजतात आणि एका कानात खरखर सुरू होते. पिन काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच जोडा. हेडफोनच्या गाद्यांना बुरशी धरते, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नवे स्पीकर घेताना शंकूभोवतीची कड रबराची बघा. फोमची कड आपल्याकडच्या हवेत लवकर भुसभुशीत होते.

आता आवाजाची पातळी, कारण खरी चूक इथेच होते. निवेदकाच्या बोलण्यावरून ती ठरवू नका. दहा मिनिटं आधी प्रक्षेपण लावा. वादनापूर्वी ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) एक लांब स्वर धरतो आणि बाकीचे त्याला वाद्यं मिळवून घेतात. तो एकटा ओबो पावसातून स्पष्ट ऐकू येईल इतका आवाज ठेवा आणि मग हात काढून घ्या. डॉल्बी, टीव्हीचा नाइट मोड हे सगळं बंद असू द्या; ते हलक्या-मोठ्यातला फरकच पुसून टाकतात. पहिली व्हायोलिनं (व्हायोलिनवादकांचा पहिला गट) सहसा डावीकडून येतात. ती उजवीकडून आली तर हेडफोन उलटा लागलाय.

पारख करायला रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी लावा (१८९३, सुमारे ४५ मिनिटं). स्वरलेखनात 'पी' म्हणजे हलकं. पहिल्या भागात नवव्या-दहाव्या मिनिटाच्या सुमारास बसून नावाच्या खर्जातल्या फुंकवाद्याच्या उतरत्या स्वरांवर त्याने चक्क सहा पी लिहिलेत. अनेक वाद्यवृंद-संचालक ते स्वर बास क्लॅरिनेट या दुसऱ्या फुंकवाद्याला देतात. इथे काहीच ऐकू येईना म्हणून आवाज वाढवाल, तर पुढच्याच क्षणी सगळा वाद्यवृंद कानठळ्या बसवेल.

तिसरा भाग इतक्या जोशात संपतो की सभागृहातही कधीकधी टाळ्या पडतात. तिथे बंद करू नका. संथ चौथा भाग उरलेला असतो, आणि तो चेलो व डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्यांवर विरत विरत जातो. अशा शेवटानंतर संचालक पुष्कळदा हात हवेत तसेच धरून ठेवतो. टाळ्या सुरू होईपर्यंत हेडफोन कानांवरच असू द्या.