होस्टिंग घेताना या चुका टाळा: साइट बंद पडण्याआधी वाचा

सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा फराळाचा व्यवसाय आहे. परदेशातल्या मुला-नातवंडांसाठी चकली, अनारसे, चिवडा यांची पार्सलं त्यांच्याकडून जातात. ऑर्डरी वेबसाइटवर येतात आणि त्या नवरात्रापासूनच सुरू होतात. एका वर्षी ऐन अष्टमीला साइट उघडेना. काकू म्हणाल्या, "अरे, होस्टिंगवाल्याला फोन लाव, पैसे भरलेत मी."

होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, पैसे खरंच भरलेले होते. मुदत संपली होती डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची. ते नोंदवलं होतं साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर. तो मुलगा केव्हाच बंगळूरला गेलेला, आणि मुदतीची सगळी स्मरणपत्रं त्याच्या जुन्या पत्त्यावर पडून. त्याला शोधून डोमेन परत मिळेपर्यंत फराळाचे मोलाचे दिवस गेले.

मला सगळ्यात जास्त दिसते ती हीच चूक, आणि तिचा फार त्रास होतो. डोमेन म्हणजे जागेचा सातबारा, होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. खोली बदलता येते. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. डोमेनचं खातं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा. शक्य असेल तर डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवा, म्हणजे एकीशी बिनसलं तरी दुसरं सुरक्षित राहतं.

दुसरी चूक पहिल्या वर्षाच्या दराला भुलण्याची. जाहिरातीतला दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो, नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पटही होतो, आणि वर 18 टक्के जीएसटी. नूतनीकरणाचा दर लेखी मागा. तो सांगायला टाळाटाळ करणाऱ्याकडे मी जात नाही.

'अनलिमिटेड' जागेलाही मर्यादा असते, ती फाइलींच्या संख्येची. तिला आयनोड म्हणतात. साठलेला प्रत्येक ईमेल अनेकदा एक फाइल धरला जातो. म्हणून जागा रिकामी दिसत असूनही फोटो चढेनात, मेल येईनात, तर आधी आयनोडचा आकडा बघा आणि जुने मेल काढा.

99.9 टक्के अपटाइम, म्हणजे तेवढा वेळ साइट चालू राहण्याची हमी, ऐकायला छान वाटतो. हिशोब केला तर महिन्याला साधारण 43 मिनिटं साइट बंद राहिली तरी कंपनीचा शब्द मोडत नाही. मोडलाच, तर भरपाई म्हणून बहुतेकदा भाड्यातली थोडी सूट मिळते. बुडालेल्या ऑर्डरींची नाही.

बॅकअपबद्दल मात्र मी हट्टाने बोलतो. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांपैकी काहींचं सगळंच गेलं. कंपनीचा बॅकअप असू द्या, पण महिन्यातून एकदा स्वतःच्या हार्ड डिस्कवर एक प्रत उतरवा, आणि ती उघडते का तेही बघा.

साइट बंद दिसली की घाबरून लगेच होस्टिंग बदलू नका. आधी डोमेनची मुदत तपासा. ब्राउझर 'असुरक्षित' म्हणत असेल तर एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे साइटशी जोडणी सुरक्षित असल्याचा दाखला, संपलंय का बघा. मोफत मिळणारी प्रमाणपत्रं बहुधा 90 दिवसांचीच असतात आणि आपोआप नवी होणं कधीकधी अडकतं. मग मोबाइल डेटावर साइट उघडून बघा, दोष घरच्या वायफायचाही असू शकतो. एवढं करून मगच कंपनीला गाठा. आणि ती मदत कशी करते हे पैसे भरण्याआधीच कळायला हवं: रात्री अकराला एक नेमका प्रश्न विचारा, उत्तर कधी येतं ते पाहा.

काकूंनी शेवटी होस्टिंगही बदललं, पण संक्रांत झाल्यावर, ऑर्डरी थंडावल्या तेव्हा. दोन दिवस आधी डीएनएसचा, म्हणजे डोमेन कुठल्या होस्टिंगकडे जातं त्या नोंदीचा, टीटीएल (ती नोंद इतरत्र किती वेळ साठवून ठेवायची तो काळ) 300 सेकंदांवर आणला, म्हणजे बदल लवकर पोचावा, आणि जुनं होस्टिंग पंधरा दिवस चालू ठेवलं. आता डोमेनच्या मुदतीची तारीख त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.