क्यूईमूचा (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) फाईल-मेमरीवाला पॅच रिव्ह्यू करताय? आधी हे बघा

मेमरी-बॅकएंड-फाईलच्या (गेस्टची, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनची, मेमरी फाईलवर ठेवणाऱ्या) कोडला हात लावणारा पॅच आला की शेअर हा पर्याय ऑन आणि ऑफ दोन्ही लावून चालवून बघा, कारण ऑफ असलं की फाईलचं मेमरीतलं मॅपिंग प्रायव्हेट, गेस्टने लिहिलेलं फाईलमध्ये जातच नाही, आणि व्हीहोस्ट-यूजरला (गेस्टचं डिव्हाइस वेगळ्या प्रोसेसमधून चालवायची सोय) तर ऑनच लागतं. मग एफट्रंकेटची (फाईलचा साइज बदलणारा कॉल) ओळ शोधा. फाईल रिकामी नसेल तर साइजला हात लावायचा नाही, आतला डेटा कुणाचातरी असतो बाबा! पेज (मेमरीचा ठरावीक तुकडा) ४ केबीचंच असणार असं धरून चाललेत का तेही बघा, एक्स८६ वर ह्यूजपेज (मोठं पेज) सहसा २ एमबीचं असतं आणि ऑफसेट त्या पटीत नसला की एममॅप (फाईल मेमरीत जोडणारा कॉल) फेल. सगळ्यात फसवं प्रकरण पंच होल (फाईलमधलाच एखादा भाग मोकळा करणं): मॅपिंग प्रायव्हेट असलं तरी भोक खऱ्या फाईललाच पडतं.