अँडीजचे अवशेष वाचताना या चुका टाळा

पेरूतल्या कुठल्याही जुन्या भिंतीचा फोटो टाका, कुणीतरी खाली 'इंका' असं लिहितंच. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरचं चान चान हे मातीचं शहर मात्र चिमू राजांची राजधानी. इंकांनी ती १४७० च्या सुमारास जिंकली. त्याआधी मोचे, वारी, तिवानाकू अशा कितीतरी संस्कृती होऊन गेल्या.

दुसरी चूक खास आपली. गडकोट बघत वाढलेल्या माणसाला उंच भिंत म्हणजे तटबंदीच वाटते. चान चानमधल्या राजवाड्यांच्या मातीच्या भिंती काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत चढतात, पण त्या शत्रूसाठी नव्हत्या. बाहेर दाटीवाटीने राहणाऱ्या कारागिरांना आतलं काही दिसू नये, एवढंच त्यांचं काम असावं. म्हणून भिंतीची उंची सोडा, दारं मोजा. बहुतेक वाड्यांना उत्तरेकडून एकच प्रवेश. आत प्रशस्त अंगण, मग बोळ, वळण, पुन्हा बोळ. दहा पावलांपुढचं दिसत नाही. मधेच तीन बाजूंनी बंद, चौथीकडून उघड्या छोट्या खोल्या. त्यांना 'औदिएन्सिया' म्हणतात. जवळपास कोठारांच्या रांगा. इथे घाई नडते. 'कारकून या खोलीत बसून कोठारावर नजर ठेवायचा' हे वाक्य लिहायला फार सोपं आहे. प्रत्यक्षात वाटा आखून पाहिल्या, तर कोठाराकडे जाणारी वाट दर वेळी या खोल्यांवरून जातच नाही.

भव्य इमारत म्हणजे चाबकाखालचे गुलाम, हेही गृहीत धरू नका. मोचे लोकांच्या सूर्य-हुआका या पिरॅमिडसारख्या भव्य वास्तूच्या विटांवर शंभराहून अधिक प्रकारच्या खुणा आहेत. कुठल्या गावाने किती विटा घातल्या, याचा तो हिशेब असावा.

आणि चान चानची मोजपट्टी इंकांना लावलीत, तर फसलातच. हुआनुको पाम्पा या इंकांच्या प्रशासकीय शहरात मधोमध साधारण ५५० बाय ३५० मीटरचा चौक, त्यात 'उश्नू' हा दगडी चौथरा, शेजारच्या डोंगरउतारावर जवळजवळ ५०० कोठारं. मोठ्या रांजणांची खापरं तर ढिगाने सापडली. मिता म्हणजे श्रमाच्या रूपातला कर. तो भरायला आलेल्यांना सरकार जेवू घालायचं, चिचा ही मक्याची दारू पाजायचं. लोकांना बाहेर ठेवून नव्हे, पंगतीला बसवून आपल्याशी बांधून घ्यायची ही तऱ्हा.

नकाशा हाती आला की पेन्सिल दारावर टेकवा आणि चालू लागा. चान चानमध्ये ती दर वळणाला अडखळते. हुआनुकोत उश्नूपासून पूर्वेकडे दारामागे दार एका रेषेत उभं आहे, थेट राजाच्या निवासापर्यंत.