आधी मोजा, मग भरा: लॉ सीईटीतली क्रमाची कोडी

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात मी एका वकीलसाहेबांकडे कारकून आहे, एकोणीस वर्षं. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघायचा आणि आपलं मॅटर, म्हणजे आपला खटला, साधारण कधी पुकारलं जाईल ते साहेबांना सांगायचं, हे रोजचं काम. 'आपलं तेरावं आहे, पण आधीचे दोघं तारीख मागणार, चहा आटपून घ्या.' एवढी सवय असूनही तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी, म्हणजे प्रवेशपरीक्षा, पहिल्यांदा दिली तेव्हा क्रमाच्या एका कोड्यात (दिलेल्या अटींवरून कोण आधी, कोण नंतर ते लावायचं) माझी अकरा मिनिटं गेली, आणि उत्तर चुकलं ते चुकलंच. ज्या क्लासला जात होतो तिथे शिकवलं होतं की सगळ्या शक्यता लिहून काढा. मी इमानदारीत लिहीत बसलो.

पुढच्या वर्षी मी जागा भरायच्या आधी मोजायला लागलो. कोणाच्या आधी किती जण यायलाच हवेत आणि कोणाच्या नंतर किती, एवढंच मोजायचं. आपल्या बोर्डाचंच उदाहरण घेतो.

सात मॅटर आहेत: आपटे, बर्गे, चव्हाण, दाते, इनामदार, फडके, गायकवाड. दात्यांचं मॅटर चव्हाणांच्या आधी, पण फडक्यांच्या नंतर. बर्गे आणि आपटे दोघंही चव्हाणांच्या नंतर. आपट्यांचं झालं की लगेच गायकवाडांचं. इनामदारांबद्दल एक अक्षर नाही.

पहिलं काम म्हणजे नावं टाकून द्या, पहिलं अक्षर ठेवा. दुसरं, अटी एकाखाली एक उतरवू नका, एकमेकींत अडकवा. 'फ आधी, मग द' आणि 'द आधी, मग च' या दोन ओळी नाहीत, ती एकच साखळी आहे: फ – द – च. च च्या पुढे दोन फाटे काढा, एकावर ब, दुसऱ्यावर आ–ग. आ आणि ग भोवती चौकट काढा, कारण ही जोडगोळी सुटत नाही. इ ला कोपऱ्यात ठेवून त्याभोवती गोल करा. गोल म्हणजे मोकळा. कागदावर एवढंच हवं, सात रिकाम्या चौकोनांची रांग अजून नको.

आता मोजणी. द च्या आधी निदान एक जण (फ) आहे, म्हणजे तो पहिला नाही. त्याच्यानंतर च, ब, आ, ग असे चार जण यायलाच हवेत, म्हणजे तो तिसऱ्याच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून द दुसरा किंवा तिसरा, तिसरी शक्यताच नाही. तसाच च तिसरा किंवा चौथा. फ पहिला किंवा दुसरा. पहिल्या जागेवर फ किंवा इ, शेवटच्या जागेवर ब, ग किंवा इ. एकही मांडणी न लिहिता निम्मे पर्याय इथेच उडतात.

मग प्रश्न येतो: इनामदार पाचवे असतील तर चौथं कोण? पहिले तीन फ, द, च ठरलेलेच. उरल्या जागा चौथी, सहावी, सातवी. जोडगोळीला शेजारशेजारच्या दोन जागा लागतात आणि तशा फक्त सहावी-सातवी आहेत. म्हणून ब चौथा, आणि अख्खी रांग लागली. इथे माझा पेन कागदावरून उचललाही जात नाही. ज्याच्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही त्या मोकळ्या माणसाला प्रश्नात खिळा ठोकतात, आणि मग तोच जोडगोळीची अडचण करतो. असा प्रश्न दिसला की आधी जोडगोळीला जागा शोधा, बाकीचे आपोआप बसतात.

पक्की जागा दिली असेल तर तिला मी मानाचा गणपती म्हणतो. मिरवणुकीत कसब्याच्या आधी कोणी नाही आणि केसरीवाडा पाचवा, यावर वाद घालायचा नाही. ती अट आधी लिहा.

शब्दांत मात्र फसगत होते. 'आधी' म्हणजे 'लगेच आधी' नव्हे. 'दोघांच्या मध्ये दोन जण' म्हणजे क्रमांकात तीनचा फरक, दोनचा नव्हे. पहिल्या वर्षी मी इथेच आपटलो. समजा दुसऱ्या एका कोड्यात अट आहे, 'आपटे पहिले असतील तर बर्गे शेवटचे'. यावरून बर्गे शेवटचे दिसले की आपटे पहिले, असं होत नाही. उलटं एवढंच निघतं की बर्गे शेवटचे नसतील तर आपटे पहिले नाहीत. आमच्याकडे पक्षकारही हीच गल्लत करतात: वकील आला नाही तर तारीख पडते, म्हणजे तारीख पडली की वकील आला नाही!

राज्याच्या सीईटीत चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून दोन पर्याय उडाले आणि वेळ संपत आला तर एकावर टिचकी मारून पुढे जा. क्लॅटला, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेला, चुकीमागे पाव गुण जातो, तिथे हा धीर जपून. शिवाय २०२० पासून क्लॅटमध्ये उताऱ्यांवरच जास्त भर आहे, त्यामुळे तिथे अशी कोडी फारशी भेटत नाहीत.

सरावाला मी अप्पा बळवंत चौकातून अमेरिकेच्या एलसॅटचं (तिथल्या लॉ कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेचं) जुनं पुस्तक आणलं, दीडशे रुपयांत. त्यांच्याकडे अशा कोड्यांचा वेगळा विभागच होता, ३५ मिनिटांत चार कोडी. ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग त्यांनी काढून टाकला. आपल्याला काय, कोडी तर तीच! फक्त ती आपल्या सीईटीपेक्षा कठीण असतात, म्हणून एका कोड्याला नऊ मिनिटं लागली तरी सुरुवातीला घाबरू नका.

मी संत तुकारामनगरला मेट्रोत चढतो आणि सिव्हिल कोर्टला उतरतो, तेवढ्या वेळात एक कोडं. घड्याळ लावत नाही, स्टेशनं मोजतो. दापोडीपर्यंत साखळी जोडून झाली नसेल तर अटी नीट वाचलेल्या नाहीत, परत पहिल्यापासून वाचतो.

वरच्याच बोर्डावर एक घ्या: इनामदार पहिले, आणि गायकवाड शेवटचे नाहीत. सातवं मॅटर कोणाचं? मला शिवाजीनगर यायच्या आत उत्तर मिळालं होतं.