दातांवर डाग दिसला की घासत सुटू नका, या चुका टाळा

डाग दिसला की आपल्याकडे उपाय एकच, घासा. मीठ, लिंबू, सोडा, कोळसा, ओट्यावर जे हाताला लागेल त्याने घासा. अहो पण आधी बघा तरी, डाग वरून बसलाय, का दाताच्या आतलाच आहे, का तो डागच नाही, कीटण आहे, म्हणजे दातावर साचून दगड झालेला थर. तिन्हीचा इलाज वेगळा. इतकी वर्षं दवाखान्यात हेच सांगतोय.

यवतमाळकडचा एक पोरगा आला होता, लग्न दीड महिन्यावर. समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि मधेमधे खडूसारखे पांढरे ठिपके. कुठलातरी व्हिडिओ बघून गड्याने तीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, लिंबात खायचा सोडा कालवून दात घासले. पट्टे होते तिथेच, वर गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट डोक्यात. ते पट्टे फ्लुरोसिसचे. लहानपणी दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हा बोअरच्या पाण्यातून जास्तीचं फ्लोराइड पोटात गेलं की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, बनतानाच बिघडतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या बऱ्याच गावांत हा प्रकार आहे, लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड म्हणजे ते पाणी पिण्याचं नाहीच. (उकळून पाजतो म्हणणाऱ्यांनो, उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं.) आणि लिंबाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) दोन-अडीच, इनॅमल साडेपाचच्या खालीच विरघळायला लागतं. म्हणजे याने घासून काढलं ते इनॅमल, आणि त्याच्या खालचं डेंटिन मुळात पिवळंच, त्यामुळे जितकं घासाल तितका दात पिवळा. गेलेलं इनॅमल परत येत नाही. त्याची आधी कळ थांबवली, मग पट्ट्यांवर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट, लावलं, पण लग्नाच्या फोटोत पठ्ठ्या तोंड मिटूनच उभा आहे. तीन आठवडे घासायला वेळ होता, पाच मिनिटं दाखवायला नव्हता.

दुसरा माझा आवडता गैरसमज, 'साफ केले की दात हलायला लागतात.' एक मावशी कागदाच्या पुडीत 'दाताचा तुकडा' घेऊन आल्या, शेंगदाणा खाताना पडला म्हणे. पुडी उघडली तर पिवळट-काळा, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खरबरीत खडा. कीटण! खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळेची नळी उघडते, म्हणून तिथे सगळ्यात जास्त जमतं. दातावरचा मऊ थर काढला नाही की लाळेतल्या कॅल्शियमने तो घट्ट होतो, एकदा दगड झाला की कुठलाही ब्रश तो काढत नाही. तो हिरडी खाली ढकलतो, हाड झिजतं, आणि दात फक्त त्या कीटणाच्या आधाराने उभा राहतो. मग आम्ही ते काढलं की दात हलतो आणि नाव आमचं. मावशींना आरशात दाखवलं तेव्हा कुठे पटलं. सुई-पिनने घरी टोकरणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

बाकीचं पटापट. औषधाचा माउथवॉश, क्लोरहेक्सिडिनवाला, दोन आठवड्यांसाठी दिलेला असतो, लोक सहा महिने ओढतात आणि मग तपकिरी दात घेऊन येतात. पोराला आयर्नचं सिरप दिल्यावर दात काळे झाले तर औषध बंद करू नका, स्ट्रॉने द्या, वर चूळ भरायला लावा, डाग पॉलिशने निघतो. चहाचेही निघतात. एकच दात करडा पडत चाललाय? कधीतरी पडला-आपटला असाल, आतली नस मेलेली असू शकते, तिथे व्हाइटनिंग पेस्ट काय करणार. कॅपवर ब्लीच चढत नाही, त्यामुळे व्हाइटनिंग आधी, कॅप नंतर. कोळशाची पेस्ट म्हणजे महागडी राखुंडी.

आणि मशेरी. 'मी खात नाही हो, नुसती लावते.' लावा नाहीतर खा, ती भाजलेली तंबाखूच. काळे डाग मी अर्ध्या तासात काढून देतो, पण मशेरी लावणारीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, हे मी डागांच्या आधी बघतो.