लेकरांना रानात खेळायला नेताय? या चुका टाळा

कॉलनीतल्या बागेतली घसरगुंडी अकराच्या आतच तापते, झोका दोनच आणि त्याला रांग. लेकरं अर्ध्या तासात कंटाळतात. मग घरात ठरतं, या रविवारी यांना निसर्गात न्यायचं. इथपर्यंत सगळं बरोबर. गडबड पुढं होते. जागा निवडताना होते, वेळ ठरवताना होते आणि सगळ्यात जास्त, भ्यायचं कशाला हे ठरवताना होते. साप-विंचवाच्या धास्तीनं लेकराला गवतात पाऊल टाकू न देणारी माणसंच त्याला शेततळ्याच्या काठावर फोटोसाठी उभं करतात.

'स्पॉट' शोधत फिरणं

निसर्ग म्हटलं की आपल्याला धबधबाच आठवतो. सौताडा, सहस्रकुंड, कपिलधार, नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी. जागा सुंदर आहेत, वाद नाही. पण दोन-तीन तास गाडीत बसायचं, उतरल्यावर गर्दी, कठड्याजवळ जाऊ नको, पाण्यात उतरू नको, हात धरून चाल. लेकराच्या वाट्याला भजी आणि फोटो. गौताळा, येडशी-रामलिंग घाट, नायगाव मयूर ही तर अभयारण्यं. तिथलं फूल, पीस, दगड काही उचलायचं नसतं आणि तो नियम योग्यच आहे. अशा ठिकाणी बघायला न्या, खेळायला नको.

खेळायची जागा मोठ्यांना रटाळ वाटते. घराजवळचा उथळ ओढा, गायरानातलं बरड टेकाड, आमराई, चिंचेची जुनी झाडं, मामाच्या वावराचा धुरा म्हणजे बांध. 'इथं बघण्यासारखं काय आहे?' असं तुमच्या तोंडून निघालं, की जागा बहुतेक बरी आहे. लेकरांना देखावा लागत नाही. त्यांना हाताळायला सुटं सामान लागतं: दगड, काटक्या, माती, चिंचोके, घसरायला थोडा उतार, चढता येईल असं एखादं झाड. आणि त्याच जागी परत परत यायला मिळणं. पहिल्या खेपेला लेकरू नुसतं तुमच्या पायाशी घुटमळतं. चार खेपा झाल्या की त्याची तिथं 'माझी जागा' तयार होते आणि खरा खेळ तेव्हा सुरू होतो. म्हणून वर्षातून एकदा दीडशे किलोमीटर जाण्यापेक्षा दर आठवड्याला दोन किलोमीटर गेलेलं बरं.

शोधायचं कसं? मोबाइलवर नकाशाचं उपग्रह चित्र उघडा. शेतांच्या चौकोनांमधून नागमोडी जाणारी झाडांची रेघ म्हणजे बहुतेक ओढा. झाडांचे गोल ओळीनं लावलेले दिसले तर मोसंबीची किंवा आंब्याची बाग, विस्कटलेले दिसले तर माळ किंवा गायरान. चित्रात पाणी दिसलं म्हणून आज पाणी असेलच असं नाही. ते कोणत्या महिन्यातलं आहे यावर सगळं अवलंबून. एवढं झालं की तिथं जाऊन एखाद्या गुराख्याला गाठा. सावली कुठवर टिकते, पाणी कधी आटतं, आग्या मोहोळ कोणत्या झाडाला आहे, कुत्री कोणाची आहेत, हे नकाशाला ठाऊक नसतं, त्याला असतं. गायरान कुठून कुठपर्यंत, हे ग्रामपंचायतीत विचारलं की कळतं.

शहरातही अगदीच वाळवंट नाही. संभाजीनगरला विद्यापीठामागच्या लेण्यांचा डोंगर, गोगाबाबा टेकडी, साताऱ्याच्या खंडोबाकडचा डोंगर आहे. परभणीकरांना कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवरची झाडं आहेत. लातूर जिल्ह्यात उदगीरजवळचं हत्तीबेट आणि वनौषधींसाठी माहीत असलेलं वडवळ नागनाथचं बेट आहे. संस्थेच्या आवारात जाताना गेटवर विचारून जा. डोंगरावर जाताना संध्याकाळचं ऊन कलायच्या आत उतरा.

पाण्याला गृहीत धरणं

यावर जरा थांबूनच बोलायला हवं, कारण बाकीच्या चुका अंगावर ओरखडा उठवून सोडतात, ही सोडत नाही.

'आम्ही लहानपणी याच ओढ्यात पोहलो' हे वाक्य आता खरं असून निरुपयोगी आहे. तो ओढा आता तसा राहिलेला नाही. जलयुक्त शिवारच्या कामांत कितीतरी नाल्यांचं खोलीकरण, रुंदीकरण झालं. जिथं गुडघाभर पाणी आणि वाळूचा उतरता काठ होता, तिथं आता पोकलेननं सरळ कापलेली उभी मातीची भिंत असते. पडलेल्या लेकराला पाय टेकवायला पायरी सापडत नाही. तलावांतला गाळ शेतात नेण्यासाठी उपसला जातो. शेतीला ते चांगलंच आहे, पण तळाशी मध्येच खड्डे राहतात. दहा पावलं घोट्याएवढं पाणी आणि अकराव्या पावलाला डोक्यावर. गोदावरी, मांजरा, पूर्णा, सिंदफणेच्या पात्रात वाळू उपसून झालेले डोह याच जातीचे. वरून पाणी सगळीकडं सारखंच दिसतं.

शेततळं याहून फसवं. आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला आणि त्यावर शेवाळ धरलं, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. हात लावावा तिथून घसरतो. एकाला काढायला दुसरा उडी मारतो आणि दोघंही जातात, अशा बातम्या आपल्याकडं दर उन्हाळ्यात येतात. म्हणून नियम साधा ठेवा: कागद घातलेल्या शेततळ्याच्या भरावावर लेकरू चढणारच नाही. तळं तुमच्या स्वतःच्या वावरात असेल तर भोवती कुंपण घाला आणि चारी बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यापर्यंत सोडून ठेवा. कोणी पडलंच तर उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब, हाताला लागेल ते फेका.

जायकवाडीचे कालवे, पाण्यानं भरलेल्या जुन्या दगडखाणी आणि बिनकठड्याच्या विहिरी यांना सरळ नाहीच म्हणा. विहिरीचं विशेष लक्षात ठेवा. पावसाळ्यानंतर तिच्या तोंडाशी गवत माजतं आणि पळणाऱ्या लेकराला ती दिसतच नाही. नव्या जागी आधी मोठ्या माणसानं एकट्यानं चक्कर मारून यावं ते यासाठीच.

मग पाण्यात खेळायचंच नाही का? खेळायचं. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले, पाणी नितळ झालं, तळ दिसतो आणि पाणी लेकराच्या पोटरीच्या खालीच आहे, अशा ओढ्यात खुशाल बांध घालू द्या. मोठं माणूस हात लांबवला की पोचेल एवढ्या अंतरावर हवं, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. बुडणारं लेकरू सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. आवाज न करता खाली जातं.

वेळ चुकणं

आपल्याकडं सुट्टी मे महिन्यात आणि ऊन चाळीसच्या वर. तरी लोक साडेअकराला लेकरं घेऊन निघतात, कारण आधी अंघोळ, मग नाश्ता, मग डबा. मार्च ते मे सकाळी उजाडताच निघा, नऊला परत या. जमत नसेल तर पाचनंतर. मृग ते दिवाळी चिखल, किडे, फुलं, ओढे. दिवाळी ते होळी सगळ्यात सोपा काळ.

एक अडचण उन्हाच्या पलीकडची आहे. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा वाईट पडतात. आभाळ भरून आलं की आपण सवयीनं झाडाखाली धावतो आणि नेमकं तेच करायचं नसतं. वीज चमकल्यावर मोजायला लागा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर खेळ बंद करून पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या गाडीत शिरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप निघायच्या आधी उघडून बघायची सवय लावा.

साप म्हणून सगळंच बंद

भीती खोटी नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या भागात आहेत. पण दिवसा उजेडी, मोकळ्या जागेत, दंगा करणाऱ्या लेकरांपासून साप लांबच राहतो. खबरदारी घ्यायची ती हाताची आणि पायाची. दगड उचलायचा तर आधी काठीनं हलवायचा आणि पलीकडची कड आपल्याकडं ओढायची, म्हणजे आतलं जे काही असेल ते समोरून निघून जाईल. बिळात, ढोलीत, कडब्याच्या गंजीत हात घालायचा नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगांतही नाही. त्या भेगांत विंचू तर असतोच, शिवाय पळताना पाय अडकून घोटा मुरगळतो तो वेगळा. पायात बूट हवेतच. चपलेतून बाभळीचा काटा आरपार येतो.

चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-कडं काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. मारुतीच्या पारावर नेऊन उतरवून घेण्यात जो वेळ जातो तोच जीव घेतो. विंचवाचंही तेच. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध कामी येतं हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. उपाय आहे, तेव्हा अंगारा लावत बसायला काही कारण नाही.

ज्यांना कोणी भीत नाही अशा गोष्टी जास्त बघा. धुऱ्यावर टाकलेल्या कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या लेकरं पाणी भरायला उचलतात. कापूस, सोयाबीनवर फवारणी झालेल्या वावरात काही दिवस जाऊच नये. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाल्ल्या जातात आणि पाठोपाठ उलट्या-जुलाब सुरू होतात. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेत करंट असू शकतो, म्हणून कुंपणाची कोणतीच तार धरायची नाही हे लेकरांकडून पाठ करून घ्या. गाजरगवताच्या फुलोऱ्यात लोळल्यावर अंगाला खाज सुटते, दम्याच्या लेकराला त्रास होतो.

खेळ आपणच चालवणं

'हे बघ, हा कोणता पक्षी? पंख किती?' अशी शाळा भरली की लेकरू मान डोलावतं आणि मनातून निघून जातं. त्याला एक खुरपं आणि एक जुनं डबडं द्या आणि लांब बसा.

मृग लागला की पहिल्या पावसानंतर माळावर लाल मखमली मिरगाचे किडे निघतात. लेकरू ते तळहातावर घेतं, किडा पाय आखडून गोळा होतो, लेकरू श्वास धरून बसतं, किडा हळूच एक पाय बाहेर काढतो. इथं तुम्ही बोललात की संपलं. कोरड्या दिवसांत झाडाखालच्या भुसभुशीत मातीत उलट्या शंकूचे छोटे खड्डे दिसतील. तळाशी एक बारकं किडं मुंगी घसरून येण्याची वाट बघत दडलेलं असतं. गवताची काडी खड्ड्याच्या कडेला हलकी फिरवली की ते खालून मातीचा फवारा उडवतं. यावर एखादा तास सहज जातो. ओढ्याकाठच्या काळ्या चिकणमातीचे पोळ्याचे बैल, माळावर गारगोट्या वेचून अंधारात एकमेकींवर घासून ठिणगी काढणं, वडाला सूरपारंब्या. यातलं काही सुचवा, पण एकदाच.

'कंटाळा आला' म्हणतंय, आता काय?

काही करू नका. वीस मिनिटं तरी. मोबाइल दिला की ती वीस मिनिटं कधीच संपणार नाहीत. तरी रुळत नसेल तर पुढच्या वेळी बरोबरीचं दुसरं लेकरू घ्या. एकट्याला रान मोठं वाटतं. चिखलाला किळस करत असेल तर ढकलू नका, आधी कोरड्या मातीत बसू द्या. कपड्यांवरून ओरडा बसणार असेल तर ते खेळणारच नाही, म्हणून बाहेरची एक जुनी जोडी वेगळीच ठेवा आणि घरातल्या आजीला आधी सांगून ठेवा. बारा-तेरा वर्षांच्या मुली हळूहळू यायच्या बंद होतात. 'आता तू मोठी झालीस' हे त्यांना घरातूनच ऐकवलेलं असतं. दोन-तीन मैत्रिणी बरोबर आल्या, एक मावशी-काकू सोबत असली आणि जवळ कोणाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, संडासाची सोय असली, की त्या येतात आणि झाडावर मुलांच्या आधी चढतात.

वावराच्या मालकाला न विचारणं

बहुतेक माणसं लेकरांना नाही म्हणत नाहीत. न विचारता शिरलेल्यांना म्हणतात आणि त्यांचं बरोबर असतं. पेरलेल्या, नुकत्याच उगवलेल्या रानात पाय टाकायचा नाही, हरभरा उपटायचा नाही, ठिबकच्या नळ्यांवर नाचायचं नाही, उघडलेलं फाटक लावून घ्यायचं. ओळख करून घ्यायला लातूर-धाराशिवकडं येळवशीसारखा दिवस नाही. येळवशी म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी अख्खं गाव वावरात असतं, कडब्याची कोप उभी असते आणि भज्जी-आंबिलीला ओळखी-अनोळखी कोणालाही बोलावतात. त्या दिवशी लेकरं घेऊन जा, जेवा, हाताला लागेल ती मदत करा. निघताना मालकाला दोन गोष्टी विचारून घ्या: फवारणी कधी असते आणि विहिरी कोणत्या बाजूला आहेत.